धोंडबांच्या बंडीतली गुंडाळी

धोंडबा जागेपणीच स्वप्नात राहायला लागले, हे त्यांच्या मुलीच्या, चंद्रकलेच्या, ध्यानात यायला बरेच दिवस गेले. सुरुवातीला ते सकाळी चहा झाला की विचारत, "सुताच्या कांड्या भरल्या का वं?" घरचा हातमाग विकून चार वर्षं होऊन गेली होती. मागाच्या खड्ड्यात मुरूम भरून वर फरशी बसवली होती. तरी चंद्रकला म्हणायची, "भरून राहिली बाबा," आणि ते समाधानानं मान हलवत. म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा, असं शेजारच्या सिंधूताईंनाही वाटलं. पण पुढं पुढं त्यांच्या डोळ्यांत एक मऊ, दूरचं पाहणं आलं. समोरच्या माणसाच्या आरपार, गल्लीच्या आरपार, कुठल्यातरी उजेडाच्या जागेकडं ते पाहत आणि हलकं हसत.

पाचपावलीतल्या त्यांच्या गल्लीत पूर्वी घराघरातून हातमागाचा खटका ऐकू यायचा. त्र्याऐंशी साल उजाडलं तोवर त्यातले बरेच माग थांबले होते. कोणी रिक्षा घेतली, कोणी गिरणीत लागलं. चंद्रकलेची आई तुळसाबाई गेली, धाकटा भाऊ नत्थू उमरेडला कोळशाच्या खाणीत कामाला लागला. चंद्रकलेचं लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. ती माहेरी परत आली आणि सदर भागातल्या मधुसूदनच्या कारखान्यात तार गुंडाळायच्या कामाला जाऊ लागली.

कारखाना म्हणजे एका बेकरीमागची दोन खोल्यांची जागा. दिवसभर तिथं पावाचा आणि तापलेल्या राळेचा वास एकमेकांत मिसळलेला असे. मधुसूदन इंजिनीअर होता, चाळिशीचा, मितभाषी, कामात बुडाला की चहा गार करणारा. त्यानं कामठी रोडवरच्या एका डेअरीसाठी एक यंत्र करायला घेतलं होतं. प्रत्येक गाईच्या गळ्यात तारेची एक चपटी गुंडाळी बांधायची. गाय गव्हाणीपाशी आली, की गव्हाणीच्या चौकटीतल्या तारेला कळणार, ही कोणती गाय, आणि तिच्या वाट्याचा खुराक तेवढा खाली पडणार.

"पण या गुंडाळीत बॅटरी कुठी आहे?" चंद्रकलेनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"नाहीच," मधुसूदन म्हणाला. "हिला स्वतःची काही शक्ती नाही. चौकटीतून लहरी निघतात. हिच्या सुराची लहर आली, की ही तिथल्या तिथं थरथरते. तेवढी थरथर चौकटीला कळते. प्रत्येक गुंडाळीचा सूर वेगळा, म्हणून प्रत्येक गाय वेगळी."

चंद्रकलेला ते पुरतं समजलं नाही, पण आवडलं. तार गुंडाळताना तिच्या मनात येई, आपण अशी एक वस्तू करतोय जी आयुष्यभर गप्प राहील आणि कोणीतरी नेमकं तिचं नाव घेतलं तरच हलेल.

डेअरीत चाचणी होती त्या दिवशी मधुसूदननं तिलाही नेलं. दुपार होती. गोठ्यात उन्हाच्या तिरिपी, धूळ आणि गवताचा उबदार वास. एकेक गाय सावकाश येई, गव्हाणीत मान घाली, भिंतीवरचा एक दिवा लागे. पहिलीला पहिला, तिसरीला तिसरा. गाईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या डोळे मिटून खात होत्या. चंद्रकला खांबाला टेकून पाहत राहिली. कोण आलं ते न विचारता ओळखणारी चौकट! अशी चौकट घराला असती तर, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच लाज वाटून तिनं तो विचार झटकला.

तो झटकला गेला नाही, कारण त्याच महिन्यात धोंडबा हरवले.

ती कामावरून आली तर दार उघडं, घर रिकामं. सिंधूताई दळण आणायला गेल्या होत्या, तेवढ्यात ते निघाले होते. सगळी गल्ली शोधायला धावली. कोणी रेल्वे फाटकाकडं, कोणी मोमिनपुऱ्यात, कोणी पार सीताबर्डीपर्यंत जाऊन आलं. दिवेलागणीच्या सुमाराला एक रिक्षावाला त्यांना घेऊन आला. ते इंदोऱ्याच्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधून, अनवाणी चालत होते. तळपायाला जखमा होत्या.

"कुठी गेले होते बाबा?" ती त्यांचे पाय धूत म्हणाली.

"कामाले," ते म्हणाले. चेहऱ्यावर भीती नव्हती, थकवा नव्हता. ट्रक त्यांना दिसलेच नसावेत.

दुसऱ्या दिवशी तिनं घराच्या दाराला तशी चौकट बसवायचा विचार मधुसूदनपुढं मांडला. बोलताना ती तार गुंडाळतच होती, मान वर न करता.

मधुसूदननं चहाचा कप बाजूला सारला. "चंद्रकलाबाई, हे गुरांसाठी केलेलं आहे."

"मले माहीत आहे."

"लोक नावं ठेवतील."

"लोकं दिवसभर माह्या घरी येऊन बसणार आहेत का?"

रविवारी मधुसूदन यंत्राची पेटी, तार आणि दोन घंट्या घेऊन घरी आला. दाराच्या चौकटीभोवती त्यानं तार फिरवली, पेटी फळीवर ठेवली, एक घंटी दारावर लावली आणि दुसरीची तार सिंधूताईंच्या घरापर्यंत नेली, म्हणजे चंद्रकला कामावर असली तरी त्यांना कळावं. चंद्रकलेनं गुंडाळी स्वतःच्या हातानं केली होती, नेहमीपेक्षा पातळ. सुताच्या दोन पदरांत ती बसवून तिनं वडिलांच्या बंडीत, काखेच्या जरा खाली, शिवून टाकली. धोंडबांना बंडीवाचून करमत नसे. उन्हाळ्यातही ती अंगात असायची.

ते उंबऱ्याशी आले आणि घंटी वाजली. ते थांबले. मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"कोण वाजवते वं?"

"घर विचारून राहिलं बाबा, कोण चाललं म्हणून."

"मी धोंडबा," ते दाराकडं तोंड करून आदरानं म्हणाले, आणि आत वळले. मधुसूदननं चष्मा काढून पुसला.

घंटी कामाला आली. वाजली की सिंधूताई पदर सावरत येत आणि त्यांना हाताला धरून परत बसवत. चंद्रकलेला वाटलं, आता सुटलो. पण पोळ्याला नत्थू उमरेडहून आला, त्यानं घंटी ऐकली, तार पाहिली, आणि बंडी चाचपून पाहिली.

"हे काय आहे?"

तिनं सांगितलं.

"बापाले गायीचं दावं बांधलं तू."

"मंग तू राहा इथी. मी काढून टाकतो ते."

नत्थू उठून अंगणात गेला. त्याला राहता येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. जाताना तो वडिलांच्या पायाशी बराच वेळ बसला. धोंडबा त्याच्या केसांवरून हात फिरवत होते, पण त्याला दुसऱ्याच कोणाच्या नावानं हाका मारत होते.

नत्थूचं बोलणं मात्र चंद्रकलेच्या मनातून हलेना, कारण वडील बदलत चालले होते. घंटी वाजली की ते आता स्वतःच थबकत. पुढं पुढं उंबऱ्यापर्यंत येऊन, घंटी वाजायच्या आतच, मागं फिरत. खाणं कमी झालं. डोळ्यांतला तो दूरचा उजेडही मंदावला. भिंतीकडं तोंड करून ते दिवसचे दिवस पडून राहत. घर सुरक्षित होतं, वडील घरात होते, आणि तिला कळत होतं, आपण काहीतरी मारून राहिलो.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी ती घरीच होती. हवेत पहिला गारवा होता. धोंडबा उठले, बंडी घातली, उंबऱ्याशी गेले. तिथं ते उभे राहिले, पाण्यात उतरावं की नाही असा विचार करणाऱ्या माणसासारखे. मग पाय बाहेर टाकला. घंटी वाजली. शेजारून सिंधूताई आल्याच.

"धरू का वं?"

"राहू द्या मावशी," चंद्रकला म्हणाली. तिनं पायांत चपला सरकवल्या, त्यांच्याही घेतल्या, त्यांच्यापुढं बसून त्या पायांत घातल्या. "चला बाबा. मी येतो."

ते चालू लागले. ती दोन पावलं मागं राहिली. गल्ली दुपारच्या उन्हात पेंगत होती. एका घरासमोर रंगवलेलं सूत वाळत घातलं होतं, हळदी आणि जांभळं, आणि त्यातून वारा जाताना सूत श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. अजून चालू असलेल्या एखाद्या मागाचा खटका येई, पुढच्या वळणावर विरे. धोंडबा कुठं अडखळले नाहीत, कुणाला वाट विचारली नाही. जणू जमिनीखालून कोणी त्यांना ओढत होतं. रस्ता ओलांडताना ती त्यांच्या अंगाशी आली, एक ट्रक हात दाखवून थांबवला, आणि पुन्हा मागं झाली.

ते एका गोदामाच्या लांबलचक भिंतीपाशी थांबले. भिंतीला समांतर कडुलिंबांची एक रांग होती. चंद्रकला ती जागा पाहतच राहिली. ती फार लहान असताना इथं मोकळं मैदान होतं. विणकर पहाटे इथं ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, पसरत. झाडापासून झाडापर्यंत सूत ताणायचं, त्याला खळ लावायची आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी कुंचा फिरवत चालायचं, खळ वाळेपर्यंत. जा, ये. जा, ये.

धोंडबांनी हात पुढं केला. बोटांत कुंचा नव्हता, पण मनगट नेमकं वळलं. भिंत आणि झाडं यांच्या मधून ते चालू लागले, नसलेल्या सुतावरून हात फिरवत, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. टोकाला गेले, वळले, परत आले. चेहरा उजळला होता. आणि चालताना ते डावीकडं, रिकाम्या हवेकडं पाहून बोलत होते.

"सांभाळून. तिथी एक तार तुटली आहे. जोडून घे."

थोडं पुढं गेल्यावर, "थकली का?"

मग मात्र ते थांबले. डावीकडं पाहत राहिले. हात खाली आला. "तुळसा," ते म्हणाले. "तुळसा, त्या बाजूनं कोणीच नाही."

इतके दिवस ते कुठल्या कामाला निघत होते, हे चंद्रकलेला तेव्हा समजलं. पदर खोचून ती झाडांच्या बाजूला गेली, त्यांच्या समोरासमोर उभी राहिली, हात पुढं केला.

"आहे ना," ती म्हणाली. "चला."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मुलगी दिसली की बायको, ते सांगता येणार नाही. पण हात पुन्हा उचलला गेला. दोघं चालू लागली. आईची चाल कशी होती ते तिला आठवत नव्हतं, म्हणून ती त्यांच्या चालीनं चालली. कडुलिंबाची पिवळी पानं मधल्या हवेत उतरत होती आणि तिला क्षणभर खरंच वाटलं, पानं खाली पडत नाहीत, सुतावर अडकून राहतात. गोदामाचा पहारेकरी महादेवराव स्टूल घेऊन दारात बसला होता. त्यानं पाय आखडून वाट दिली. ऊन उतरायला लागलं तसे धोंडबा थांबले, बोटांनी हवा चाचपली.

"वाळलं," ते म्हणाले. "चाल, भूक लागली."

त्या दिवशी ते पोटभर जेवले.

त्यानंतर घंटी बंद झाली नाही, पण तिचा अर्थ बदलला. ती वाजली की घरात जो असेल तो चपला घालून निघे. मधुसूदननं चंद्रकलेला दुपारचं काम घरी न्यायची परवानगी दिली. एरवी सिंधूताई जात. झाडांच्या बाजूनं चालताना त्या धोंडबांना सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगत. संक्रांतीला नत्थू आला, तेव्हा चंद्रकलेनं त्याला काही समजावलं नाही. घंटी वाजल्यावर नुसतं म्हणाली, "जा मागं." तो गेला तो दिवेलागणीलाच परतला. हातपाय धुऊन ताटावर बसला, आणि जेवता जेवता म्हणाला, "मले वाटलं होतं, मी थे सगळं विसरलो." पुढच्या महिन्यापासून सुटीच्या दिवशी तो येऊ लागला.

धोंडबा त्यानंतर दोन हिवाळे जगले. शेवटी पाय उचलेनासे झाले, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या त्यांचा हात हवेतून फिरत असे, आणि कोणी ना कोणी पलीकडच्या बाजूला बसलेलं असे. ते गेले ते दुपारी, झोपेत.

डेअरीचं यंत्र तोवर नीट चालायला लागलं होतं. दुकानातल्या साड्या, ग्रंथालयातली पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून मधुसूदनकडं आता कोणी ना कोणी विचारायला येई. पण एक दिवस इंदोऱ्याहून शोभाताई नावाच्या शिक्षिका आल्या त्या आपल्या सासूसाठी. डेअरीतल्या कोणाकडून तरी त्यांनी धोंडबांबद्दल ऐकलं होतं.

चंद्रकला चौकटीची तार घेऊन त्यांच्या घरी गेली. नीटनेटकं, निळ्या रंगाच्या भिंतींचं घर होतं. बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती. सासूबाई जनाबाई पांढऱ्या लुगड्यात खिडकीशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतलं ते दूरचं पाहणं चंद्रकलेला दारातूनच ओळखू आलं.

"वाजते ना नक्की?" शोभाताईंनी विचारलं.

"वाजते."

"सारख्या निघतात हो. आम्ही धावत जाऊन धरून आणतो."

"कुठी जातात त्या?"

शोभाताई गोंधळल्या. "ते काही माहीत नाही. कोपऱ्यापर्यंतच पोचतात, तेवढ्यात आम्ही पकडतो."

चंद्रकलेनं चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात शेवटचा खिळा ठोकला, तार ताणून बसवली. मग स्टुलावरून उतरून हात पुसत म्हणाली, "एक दिवस धरू नका, ताई. मागं मागं जाऊन पाहा."

"आणि फार दूर गेल्या तर?"

"मी येतो तुमच्यासोबत."

जनाबाई खिडकीपासून उठल्या होत्या. भिंतीला हात लावत त्या दारापाशी आल्या, चपला शोधू लागल्या. शोभाताईंनी नेहमीच्या सवयीनं त्यांचा दंड धरला. मग सावकाश सोडला, आणि स्वतःच्या चपला पायांत घातल्या.