गव्हातून जाऊ नका

"मीठ बेतानेच घाल," रुडीते म्हणाली. "पितरांना अळणी चालतं."

"आईला चालत नव्हतं," वेल्गा म्हणाली आणि वाटाण्यांच्या पातेल्यात आणखी चिमूटभर मीठ टाकलं.

"तुझं बाई काहीतरीच. जिवंतपणी त्यांनी माझ्या हातचं एकदा तरी नीट खाल्लं का? आता चव बघायला येणार होय!"

दोघी नणंद-भावजया दबक्या आवाजात हसल्या. हसणंसुद्धा दबकंच हवं होतं. बाहेर धुकं पडायला लागलं की पितरांचे दिवस सुरू होत, आणि मग वीतोलीच्या शेतघरात कुणी आवाज चढवत नसे. दार आपटायचं नाही, लाकडं फोडायची नाहीत, कुत्र्यालाही हाड म्हणायचं नाही. भांडण तर नाहीच नाही. त्यामुळे या घरातली माणसं पावसाळी शरदाचे ते आठवडे दात आवळून बोलत, आणि उरलेलं वर्ष तीच सवय त्यांना पुरायची.

वेल्गा या घरची मुलगी. शहरातल्या डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासण्यात तिची तीस वर्षं गेली होती. लग्न केलं नाही, परदेशी गेली नाही, कुणाच्या चर्चेत आली नाही. एप्रिलपासून तिने या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. भावाचा फोन आला म्हणून ती आली होती.

"ये गं," गुंटिस म्हणाला होता. "आईचं पहिलं वर्ष आहे. आणि म्हातारा निवळलाय. परवा रुडीतेला स्वतःहून म्हणाला, वेल्गासाठीपण एक वाडगा काढून ठेव."

"बाबा असं म्हणाले?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

बसमध्ये तासभर ती त्या वाडग्याचाच विचार करत होती. स्वतःचाच राग येत होता, पण बरं वाटत होतं.

गेल्या हिवाळ्यात आईची फुप्फुसं थकली. श्वास घ्यायचा म्हणजे तिला विहिरीतून पाणी ओढावं तसे कष्ट पडत. आर्वीड्सने, म्हणजे बाबांनी, डॉक्टरला फाटकातूनच परत पाठवलं. या घरातली माणसं आपापल्या खाटेवर जातात, म्हणाले. जानेवारीत एकदा ते गोठ्यात असताना आईने वेल्गाची बाही धरली. "मला ने," ती म्हणाली. "याच्या देखत मरायचं नाही मला. मेल्यावरही हा माझं अंथरूण सारखं करायला सांगेल."

वेल्गाने तिला शहरात आपल्या घरी नेलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून डेअरीचं धुराडं दिसायचं. नाकात नळी घालून आई टीव्हीवरचे गाण्याचे कार्यक्रम बघायची आणि गाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवायची. त्या तीन महिन्यांत ती जेवढी बोलली तेवढी वीतोलीत पन्नास वर्षांत बोलली नसेल. मग ती गेली. स्मशानाच्या फाटकात बाबा वेल्गाला म्हणाले, "चोरून नेलीस तिला." एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला बायकोचं ते वाक्य सांगून काय मिळवायचं होतं?

"चला," गुंटिस दारातून म्हणाला. "अंधारून यायच्या आत बोलवायला हवं. बाबा कोठारात उभे आहेत कधीचे."

जुन्या धान्याच्या कोठारात पांढरं कापड अंथरलेलं लांब टेबल होतं. एक मेणबत्ती, बिअरचा तांब्या, काळा पाव, मध. मांडलेल्या प्रत्येक वाडग्याशी लाकडी चमचा. इथे फक्त पितर जेवत. घरच्यांनी भिंतीशी उभं राहायचं आणि नंतर स्वयंपाकघरात आपलं खायचं. दार थोडं उघडं ठेवलं होतं, आणि तिथून धुकं आत डोकावत होतं.

रुडीतेने प्रत्येक वाडग्यात वाटाणे वाढले. शेवटचा वाडगा तिने बाबांकडे बघत वाढला. वेल्गाकडे बघायचं तिने टाळलं. वेल्गाच्या हातात पावाची टोपली होती.

बाबांनी टोपी काढली.

"बर्टा, ये. खा, पी. येकाब्स, ये. खा, पी." हे त्यांचे आईवडील. मग नदीत बुडालेला भाऊ. मग क्षणभर थांबून, "झेंटा. ये. खा, पी."

आईचं नाव या घरात नीट घेतलं गेलं. एवढ्यासाठीच ती आली होती. आता स्वयंपाकघरात जाऊन बाबांच्या समोर बसायचं, काही बोलायचं नाही, नुसतं जेवायचं.

"वेल्गा," बाबा म्हणाले. ते उघड्या दाराकडे बघत होते, जणू तिथून कुणी येणार होतं. "ये. खा, पी."



"बाबा, अहो..." गुंटिस पुटपुटला.

वेल्गाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग शेवटचा वाडगा तिच्या लक्षात आला. बसमध्ये तासभर उराशी धरलेला वाडगा. राग तिच्या टाचांतून वर चढला, थंड, विहिरीच्या पाण्यासारखा. तिने पावाची टोपली टेबलावर ठेवली, स्टूल ओढलं, आणि त्या वाडग्यासमोर बसून चमचा उचलला.

"ऊठ गं!" रुडीते घाबरून म्हणाली. "ते त्यांचं आहे, वेल्गा!"

"माझंच आहे, वहिनी. नाव घेतलंय माझं." तिने घास घेतला. "मीठ बरोबर आहे."

"तिला सांग," बाबा गुंटिसला म्हणाले, कुजबुजतच, "या टेबलाला जिवंत माणसं बसत नाहीत."

"मग एकदा ठरवा, बाबा. बसू की उठू?"

"माझी बायको या घरातून ज्याने नेली, त्याला या घरात जिवंत जागा नाही."

"नेली?" वेल्गाने चमचा खाली ठेवला. तिचा आवाज कुजबुजीपेक्षा तसूभरही वर गेला नाही. "आत्ताच बोलावलंत ना तिला? आलीच असेल. आईने जेवणाला कधी उशीर केला नाही. बसलीय ती समोर. विचारा तिला. कुणी नेलं, की ती स्वतः गेली?"

बाबांनी झेंटाच्या वाडग्याकडे पाहिलं. त्यातून वाफ येत होती. त्यांचे ओठ हलले. गुंटिस आणि रुडीते दोघंही त्या वाडग्याकडे बघत होते.

त्यांनी विचारलं नाही. सगळ्या संसारात त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं.

मेणबत्ती जळून खाली आली. बाबांनी ती उचलली आणि दार पूर्ण उघडलं. पितरांना जसं बोलवायचं तसंच निरोप देऊन पाठवायचं असतं, नाहीतर ते घरात रेंगाळतात. आणि ते शेतातून गेले तर त्या पावलांखालचं पीक परत उभं राहत नाही.

"खाल्लंत, प्यालात. आता जा," बाबा म्हणाले. "बर्टा, येकाब्स, वाटेने जा. गव्हातून जाऊ नका." भावाचं नाव घेतलं. झेंटाचं घेतलं, फार हळू. मग थांबले.

"पुरे आता, बाबा," गुंटिस म्हणाला. "तिचं नका घेऊ."

"घेऊ दे," वेल्गा उठत म्हणाली. "बोलावलंत तर पाठवा पण. काम अर्धं ठेवू नका. तुम्हीच शिकवलंय."

म्हाताऱ्याने मेणबत्ती दाराबाहेर धरली. "वेल्गा," तो म्हणाला. "जा. वाटेने..." पुढचं त्याला जमलं नाही.

तिने वाडगा पुसून पालथा घातला, कोट चढवला आणि त्याच्या खांद्याला खांदा घासून बाहेर पडली.

अंगणातून डावीकडे फाटकाकडे जाणारी वाट होती, बर्चच्या झाडांमधून. उजवीकडे गव्हाचं शेत. पेरून महिना झाला होता, बोटभर हिरवे कोंब धुक्यातही उठून दिसत होते. वेल्गा उजवीकडे वळली आणि सरळ गव्हात शिरली.

ती चार पावलं गेली असेल नसेल.

"ए!" कोठारातून आवाज फुटला. त्या दिवसांत वीतोलीत कुणी काढला नव्हता असा, उघडा, फाटका आवाज. कुत्रा भुंकत सुटला. "गव्हातून नको! वेल्गा! पोरी, पीक तुडवतेस! डोळे फुटलेत का तुझे? वाटेने जा! वेल्गा!"

ती वळली नाही. चिखल जड होता. शेताच्या मध्यावर तिचा एक बूट रुतला, तेव्हा ती थांबली, वाकून दोन्ही हातांनी तो ओढून काढला आणि परत पायात घातला. मागे बाबा अजून ओरडत होते. तिच्या पावलांच्या ठशांत एकेक करून पाणी भरत होतं.