तोंडाला कुलूप लागलेली मी

मित्रांनो, मी आहे एक जुनी वेबसाइट. हसू नका! वेबसाइटही म्हातारी होते, आणि वेबसाइटही घाबरते. मी तर जन्मल्यापासून घाबरतच आलेय.

माझे मालक कुलूपकाका. त्यांचं किल्ल्यांचं दुकान इतकं चिंचोळं आहे की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने श्वास बाहेर सोडायचा. यंत्रावर किल्ली घासली जाते, किर्रर्र आवाज होतो आणि पितळेचा भुसा काकांच्या भुवयांवर बसतो. कुणाचं दार अडकलं की काका पिशवी उचलून धावतात. हे लोकांना कळावं म्हणून त्यांच्या पुतणीने मला बनवलं.

आणि काय नटवलं मला! काळी पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी वेलबुट्टीची अक्षरं, मधोमध गोल गोल फिरणारी किल्ली. फोन नंबरसुद्धा सोनेरी हवा म्हणून तिने तो चक्क चित्रात काढला. त्या चित्राला नाव दिलं 'नवीन फायनल खरंच फायनल'. खाली तीन ठिकाणी लिहिलं, 'इथे दाबा'. झाली मी तयार!

"एक नंबर!" काका म्हणाले. शेजारचा न्हावी कात्री हातात घेऊन मला बघायला आला. मी फुलून गेले.

पण मित्रांनो, मी ज्या पडद्यावर उघडते त्याच्यासमोरचं मला दिसतं आणि ऐकूही येतं, आणि जे ऐकू आलं त्याने माझी झोप उडाली. एक आजोबा पुटपुटले, "अंधारात पिवळं पिवळं काय वळवळतंय?" आणि गेले. थरथरत्या हाताच्या एका काकूंचं बोट माझ्या इवल्या बटणावर बसेचना. जुन्या फोनवाल्या एका दादासमोर फिरती किल्ली नुसती हळूहळू उमटत राहिली, तो कंटाळून निघून गेला. लोक येत होते आणि दारातून परत जात होते. माझं काय चुकतंय हेच मला कळेना.

आणि मग ती दुपार आली.

गाण्याच्या बाईंनी मला उघडलं. बाईंना दिसत नाही. त्यांचा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. त्यांची छोटी भाची, चिमणी, बाथरूममध्ये गेली होती. आतून कडी अडकली होती आणि तिने सोडलेला गरम पाण्याचा नळ तिला बंद करता येत नव्हता.

"मावशी, खूप गरम येतंय!" ती आतून रडत ओरडली.

"कोपऱ्यात उभी राहा, राणी. नळाला हात लावू नकोस. मी कुलूपवाल्याला बोलावते हं."

बाईंचं बोट माझ्यावरून फिरू लागलं आणि फोन बोलू लागला, "चित्र. चित्र. इथे दाबा, लिंक. इथे दाबा, लिंक."

"अरे, इथे म्हणजे कुठे?" बाई ओरडल्या.

त्यांनी एक लिंक दाबली. कुलपांचे फोटो उघडले. "चित्र. चित्र. चित्र." दुसरी दाबली. निरोप पाठवायचा फॉर्म आला, पण त्याआधी म्हणे तुम्ही माणूसच आहात हे पटवायला ज्या चित्रांत पूल दिसतो ती निवडा! तिसरी दाबली. तिथेच तर नंबर होता! फोन म्हणाला, "चित्र, नवीन फायनल खरंच फायनल."

मित्रांनो, मी काय सांगू? कपाळावर नंबर गोंदलेला आणि तोंडाला कुलूप! मी मनातल्या मनात तो नंबर किंचाळत होते. बाईंना ऐकू येत होतं ते फक्त "चित्र, चित्र".

आतलं रडणं थांबलं. नुसता पाण्याचा आवाज उरला.

"चिमणे? बोल गं! चिमणे!"

फोन खाली आदळला. बाई जिन्याकडे धावल्या, त्यांची हाक लांब गेली आणि पडदा विझला. पुढचं मला काहीच कळलं नाही. तसली भीती कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पुढे माझ्याकडे जो कोणी आला, त्याच्यात मी तेच रडणं शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझं नंबराचं पान उघडं होतं, तेव्हा बाई आल्या. आणि त्यांचं बोट धरून, पायाला पट्टी बांधलेली, चिमणी! माझ्या जिवात जीव आला. शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं. पोरगी उलट्या बादलीवर चढून, घाबरून गप्प बसली होती. पायाला थोडं भाजलं होतं, इतकंच.

बाईंनी तुटलेली कडी पुढे केली. "नवी द्या. आणि तुमचा नंबर सांगा. काल मिळाला नाही."

"असं कसं? साइटवर एवढा मोठा आहे की!"

"कुठे?"

"हा काय, इथे!" काकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. बोट हवेतच राहिलं. बाई कान देऊन नंबराची वाट पाहत होत्या.

काकांचा चेहरा उतरला. कॉम्प्युटरपाशी बसलेल्या पुतणीला म्हणाले, "काढून टाक ही साइट. नसती बला. आपली बाहेरची पाटी बरी."

पुतणीचे डोळे भरले होते. तिने माझं 'पुसा' बटण शोधलं. संपलं, मी म्हटलं. आणि मला वाटलं, योग्यच आहे.

"थांब," बाई म्हणाल्या. "काका, तुमची पाटी तरी मला कुठे वाचता येते? हिला निदान बोलायला शिकवता येईल."

मग बाई स्टुलावर बसल्या, फोन मांडीवर, आणि पुतणी शेजारी. नंबर साध्या अक्षरांत आला. प्रत्येक चित्रात काय आहे ते शब्दांत आलं. पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरं आली. पुलांचं कोडं गेलं. बटणं बोटाएवढी झाली. प्रत्येक खोडणीला माझा थरकाप उडत होता, दाताच्या डॉक्टरकडे होतो तसा.

"किल्ली तरी फिरू दे गं," काका कुरकुरले.

"काका, ती फिरेपर्यंत माणूस परत फिरतो," पुतणी म्हणाली.

तिन्ही 'इथे दाबा' पुसले गेले. बाईंनी बोट फिरवलं. फोन म्हणाला, "कुलूपकाकांना फोन करा, लिंक." बाईंनी दाबलं.

फळीवरचा फोन खणखणला. काकांनी सवयीने उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?"

"मीच. तुमच्यासमोर बसलेय."

चिमणी खिदळली. काका मात्र फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बोला बाई. ऐकतोय."

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखी एखादी बनवाल. तिला नटवा, खुशाल नटवा. पण आधी डोळे मिटून तिला एकदा ऐका, माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर वापरून पाहा, आजोबांच्या हातात देऊन गप्प बसून बघा. मला अजूनही भीती वाटते, की दाराशी आलेलं कुणीतरी बाहेरच राहील. माझी ही भीती मात्र कधी घालवू नका.