जनावराचा पंचनामा

फळ्यावर या आठवड्यातही ताराबाईचंच नाव होतं. धोंडीबानं ते लांबूनच वाचलं आणि विहाराच्या पायरीवरूनच मागं फिरला.

नेरडीगोंड्याच्या पुढं, हमरस्त्यापासून आत असलेल्या त्या गावात दर रविवारी संध्याकाळी विहाराच्या मोठ्या टीव्हीवर राक्षसी जनावराची मालिका लागत होती. ताडाच्या चौपट उंच जनावर समुद्रातून निघतं, पूल मोडतं, आगगाड्या उलथतं. सोमवारी सुरेंद्र गुरुजी सगळ्यांची मतं ऐकून घेत आणि त्यातलं एक, बोलणाऱ्याच्या नावासकट, आठवडाभर फळ्यावर ठेवत. फळ्याचा फोटो फोनवरून उटनूर-आदिलाबादच्या सोयऱ्यांपर्यंत जाई.

धोंडीबाला वाटलं होतं, हा फळा आपलाच. रानडुकरांनी ज्वारी लोळवली की पटवारी आधी त्यालाच हाक मारी. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक पंचनाम्यावर पंच म्हणून त्याचा अंगठा होता. साठी उलटल्यावर विहाराच्या वर्गात नवराबायको दोघंही अक्षरं शिकली, तेव्हापासून अंगठ्याच्या जागी सही आली. नुकसान कसं पाहावं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? पहिल्याच सोमवारी त्यानं मत दिलं होतं : जनावराचं पाऊल अंदाजे दोन गुंठे, एका फेरीत सहा एकर वस्ती बाद, पूल पूर्ण, पाण्याची टाकी अर्धी. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्याचंच मत लिहिलं.

दुसऱ्या सोमवारी त्याची बायको ताराबाई एवढंच बोलली, की ते रागानं फिरत नाही, पोटुशी आहे, जागा शोधतं आहे. सगळे हसले होते. पण चौथ्या भागात जनावरानं धरणाच्या भिंतीखाली अंडी घातली आणि फळ्यावर तिचं नाव लागलं. तेव्हापासून नळावर, दुकानात, बसथांब्यावर बाया-माणसं तिलाच विचारू लागली. उटनूरहून मेहुण्याचा फोन आला तो धोंडीबाच्या तब्येतीसाठी नव्हे, तर ताराबाईचं मत घ्यायला. ती समोर भाकरी थापत असताना धोंडीबानं सांगितलं, ती घरी नाही. त्या दिवशी त्याला भाजी अळणी लागली, दुसऱ्या दिवशी खारट.

शेवटच्या भागाआधी गुरुजींनी जाहीर केलं, की या वेळी मत आधी द्यायचं. शेवट काय होईल, ते शनिवारीच फळ्यावर लागेल.

शनिवारी सकाळी ताराबाई तुरीची डाळ निवडत होती. धोंडीबानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते आता लढत नाही," ती म्हणाली. "अंड्यावर बसून राहील. गोळ्या खाईल, पण उठत नाही. आठवते ना तुमाले, वखरापुढची टिटवी?"

त्याला आठवली. आणि डाळ निवडून व्हायच्या आत तो विहारात पोचला होता. वाटेनं त्यानं स्वतःशी हिशेब जुळवला : वखर माझ्या हातात होता, बैल माझ्या हाकेत होते, टिटवी माझ्या तासाच्या ओळीत होती. म्हणजे मतही माझंच. गुरुजींनी ऐकलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वा, धोंडीबा." खडूनं त्याचं नाव लिहिलं जाताना तो शेवटच्या अक्षरापर्यंत तिथंच उभा राहिला.

दुपारी ताराबाई विहारात जाऊन आली. अक्षराखाली बोट ठेवून वाचायची तिची सवय, त्यामुळं वेळ लागला असणार. घरी येऊन तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"वाचलं फळ्यावर," ती म्हणाली. "बरं लिवलं."

आणि डाळ शिजत टाकायला आत गेली. भांडली असती तर त्याच्याकडं उत्तर तयार होतं.

रविवारी तसंच झालं. विमानं आली, आग बरसली, आणि ते डोंगराएवढं जनावर अंड्यांवर अंग पसरून बसून राहिलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. भगवंतराव, जो धोंडीबाची आजवर टिंगल करायचा, उठून त्याच्याजवळ आला आणि हे सुचलं कसं ते विचारू लागला. सगळे ऐकायला वळले. धोंडीबा खुलला. त्यानं सांगायला घेतलं : पाटलाचं रान, मृगाआधीची वखरणी, तासात अंड्यांवर बसलेली टिटवी. बैल अगदी अंगावर गेले तरी हलेना. वेळ कमी होता, म्हणून त्यानं बैल हाकलेच, तेवढ्यात काड्या वेचणं टाकून त्याच्या नागसेनची माय धावत येऊन बैलांपुढं उभी राहिली आणि...

तो थांबला. भिंतीशी बायांमध्ये ताराबाई बसली होती. मघाशी तिनंही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, इतरांसारख्याच.

"मंग?" भगवंतरावानं विचारलं.

"मंग काय. राह्यलं तेवढं रान वखरायचं."

सोमवारी उजाडताच धोंडीबा विहारात गेला. आपलं नाव त्यानं फडक्यानं पुसलं. मग खडू घेतला. पन्नास वर्षांत तिचं नाव त्यानं तोंडानं घेतलं नव्हतं. लेकाच्या नावानं नागसेनची माय म्हटलं की भागायचं. हातानं तर लिहायचा प्रसंगच आला नव्हता. एकेक अक्षर रेटत त्यानं लिहिलं : ताराबाई.

खाली रिकामी जागा उरली. फळ्यावरून अगदीच उतरून जाणं त्याला जमेना. शिवाय पंचाशिवाय कागद खरा कसा ठरायचा? त्यानं खाली बारीक अक्षरात लिहिलं : समक्ष, धोंडीबा.

मागं खराटा थांबला. ताराबाई विहाराचं अंगण झाडायला आली होती. तिनं खराटा भिंतीला टेकवला, बोट ठेवून पहिली ओळ वाचली, मग आपलं नाव, मग त्याचं. आपल्या नावावर बोट जरा जास्त वेळ राहिलं होतं.

"पंच पाच लागते," ती म्हणाली. "बाकीचे चार कुठं हाय?"

आणि खराटा उचलून झाडू लागली. धोंडीबा खडूचे हात धोतराला पुसत उभा राहिला. चाळीस वर्षं पंच होता तो, आणि हेही तिलाच सुचावं.