पायाळू सरजा

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत एसटी बंद पडल्या आणि संक्रांतीला आलेली माझी नणंद सरजाबाई जिंतूरजवळच्या आमच्या गावीच अडकली.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, तानुबाई, तुरीचं पोतं सरकवायला वाकल्या आणि जागीच बसल्या. "उसण भरली," म्हणाल्या. सरजा पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसानं पाठीला लाथ लावली की उसण जाते, हे आमच्याकडे सगळेच मानायचे.

"मार गं," सासूबाई म्हणाल्या. "गावाच्या कमरा नीट करतीस, अन् आईला लाजायलीस व्हय?"

"लाथ सासूला मारायची हौस हाय, आईला न्हाई," सरजा म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो. मग तिनं टाच लावली, जरा जोरातच. सासूबाई किंचाळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पाय बधिर होते.

रस्ते मोकळे झाल्यावर जीप करून परभणीला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाडं आतून पोकळ झालीत. आधी मणका नुसता चेपला असेल, नंतर त्यावर जोर बसलाय. तुकडा मागं सरकून नसा दाबतोय. पाठ कुणी दाबली का?"

सरजा काही बोलणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "न्हाणीत पडले, सायेब."

डॉक्टर म्हणाले, नुसता चेपला असता तर पट्टा बांधून भागलं असतं. आता औरंगाबादला पाठ उघडून दाब काढायचा, वरखालच्या मणक्यांत स्क्रू मारून सळ्या बसवायच्या. पण असल्या मऊ हाडात स्क्रू धरतीलच असं नाही, आणि या वयात भुलीचाही धोका.

"न्हाईच केलं तर?" आमच्या ह्यांनी, मुंजाजींनी विचारलं.

"तर चालणं विसरा."

सासूबाई नको म्हणाल्या. सरजानं जेवण टाकलं. "आई, मी डॉक्टरला खरं सांगते."

"सांगून मणका सरळ व्हायलाय का?"

"मग आपरेशन कर."

"अन् मेले तर?"

"ते बी माझ्याच माथी."

सासूबाई म्हणाल्या, "न्हाई केलं तर तू जन्मभर माझ्या पायाकडंच बघत बसशील. चल, करा म्हणावं."

ऑपरेशन झालं. वरचे स्क्रू वर्षभरात ढिले पडले, पाठ पुन्हा वाकली. पण पायांत जीव आला. सासूबाई काठीनं अंगणात फिरल्या, नातवाचं लग्न बघून गेल्या. न्हाणीत पडले, हेच त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या. आमचे हेही आता नाहीत. उसण भरलेलं कुणी दारात आलं की सरजा त्याला रागावून दवाखान्यात धाडते. गेल्या साली माझाच मणका चेपला. डॉक्टरांनी सुईनं त्यात सिमेंट भरलं आणि दुसऱ्या दिवशी मी घरी आले. सरजा भेटायला आली. म्हटलं, जरा पाठीला तेल लावून दे. तिनं तेलाची वाटी माझ्या सुनेच्या हातात दिली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.