रिकाम्या चौकात

कॅमेऱ्याची तुटलेली वायर खांबावरून लोंबत होती, वाऱ्यानं हलत होती, आणि खाली सिग्नल लाल — दिवाकरनं स्कूटर पांढऱ्या रेषेच्या अलीकडे उभी केली. नव्या राजधानीचा रस्ता, इतका रुंद की मधोमध लग्नाचा मांडव घालावा, आणि माणूस म्हणाल तर एक नाही. तेवढ्यात मागून मोटारसायकल आली, तिघं बसलेले, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. न थांबता गेली. जा, लेको, जा. असल्यांसाठी राजधानी बांधली म्हणे...

"अहो, चला नं," मागे बसलेली शारदा म्हणाली. "कोणीच नाही. इंदूले आत नेऊन राहिले असतील."

इंदू तिची धाकटी बहीण. आज हृदयाचं ऑपरेशन. भूल देण्याआधी ताई जवळ पाहिजे, एवढंच तिनं मागितलं होतं. जुन्या शहरातल्या तात्यापाऱ्यातून, घरून निघाल्यापासून शारदा तेच सांगत होती, आणि तो प्रत्येक सिग्नलला थांबत होता. वाटेत पंडरीच्या चौकात तर हिरवा झाल्यावरही, कारण समोरून उलटे घुसलेले... काय ही जात! देवळात रांग मोडतील, स्मशानातही मोडतील. आणि आपली बायको, तीही त्यांच्यातलीच.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा इंदूला आत नेलं होतं. जाताना सारखी मागे वळून पाहत होती, असं सिस्टरनं सांगितलं.

शारदा रडली नाही. "कॅमेरा बंद होता," ती हळूच म्हणाली. "तुम्हालेही दिसला. मग काहून थांबले?"

उत्तर तयार होतं — तेच तर! भीतीनं थांबतात ते बाकीचे, मी नाही... मग कशासाठी थांबलो मी? ती मोटारसायकल पुढे गेली तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. कोणी नियम मोडल्याशिवाय माझं पाळणं मला गोडच लागत नाही. आणि ती गेल्यावर त्या चौकात तुच्छ मानायला एक शारदाच उरली होती.

ऑपरेशन थिएटरच्या अलीकडे चपला काढा अशी पाटी होती. त्यानं बूट काढले, भिंतीशी सरळ जोडीनं लावले. शारदा चपलांसकट पुढे गेली आणि बंद दाराला कपाळ टेकून उभी राहिली. त्याची नजर सवयीनं तिच्या पायांकडे गेली... आणि ते ओळखीचं सुख छातीत पुन्हा वर येऊ लागलं. तो त्याला थांब, थांब म्हणत होता, आणि ते थांबत नव्हतं.