काट्यावरचा सरडा

मित्रांनो, मी निपाणीतल्या एका गल्लीतलं जुनं कागदी लिंबाचं झाड आहे. माझं एक अंग अक्काताईच्या घरामागच्या परड्यात, दुसरं माधवीच्या. मधे कुंपण नाही, मीच कुंपण. अक्काताईनं मला लावलं, धुण्याभांड्यांच्या पाण्यावर वाढवलं. पुढे शेजारी माधवी नांदायला आली, तिला आरोही झाली, आणि ती पोर अक्काताईच्याच मांडीवर मोठी होऊ लागली. माझ्याखाली तिला खेळवताना अक्काताई गुणगुणायची,

लिंबाच्या माज्या झाडा, काटं तुजं आवर,
खेळती माजी आरू, तिच्यावर सावली धर.

सावली मी धरली. काटे आवरणं मात्र झाडाच्या हातात नसतं.

पाखरांचं खाणं मी फार जवळून पाहिलंय. चिमणी दाण्यावर जगते म्हणतात. पण पिलं झाली की ती अळ्यांसाठी माझं पान न् पान पालथं घालते. फुलातला मध पिणारा शिंजीर कोळीही टिपतो. कावळा उरलेली भाकरी कौलाच्या फटीत कोंबतो आणि वर पान झाकतो. गेल्या थंडीत खाटीक पक्षी आला. चिमणीहून जरासा मोठा, डोळ्यांवरून काळी पट्टी, चोच आकड्यासारखी. शिकार धरून फाडायचं बळ त्याच्या पायांत नसतं. म्हणून तो नाकतोडा, सरडा, उंदराचं पिल्लू काट्यात खुपसतो, हवं तेवढं ओरबाडतो आणि उरलेलं भुकेच्या वेळेसाठी टांगून ठेवतो. माझे काटे त्याचं फडताळ झाले.

मेलेला सरडाही वाऱ्यानं हलतो, मित्रांनो. अंगावर काहीतरी हलतंय आणि ते जिवंत नाही, हे झाडालाही सोसवत नाही.

त्याच दिवसांत आरोहीला ताप भरला. अवसेच्या सकाळी माधवी लिंबू काढायला आली, आणि तिला तो दिसला. बिनडोक्याचा सरडा, पिकल्या लिंबाला लागून, काट्यात आरपार. लिंबाला सुया टोचून करणी करतात, हे ऐकतच ती वाढलेली. तिनं नवऱ्याला हाक मारली.

"अहो, ह्ये बघा! लिंबू हाय, सरडा हाय... कुणी केलं ह्ये?"

तिचा नवरा नागेंद्र बाहेर आला. बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ह्या झाडाला हात लावणारं हाय कोण? तू, न्हायतर आक्का."

बस्स. एवढंच बोलला तो. माधवीनं परड्याचं दार लावून घेतलं.

आत पोर तापात "आज्जी, आज्जी" करायची. बाहेर अक्काताई यायची, दाराकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि पदर घट्ट आवळून मागे फिरायची. एके दिवशी तिच्या घराला कुलूप दिसलं. ती लोंढ्याला भाचीकडे निघून गेली होती.

आरोहीचा ताप उतरला. मग एका दुपारी माधवी कपडे वाळत घालत असताना खाटीक आला. चोचीत नाकतोडा. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं तो काट्यात रुतवला. माधवीच्या हातातला पिळा खाली पडला. तिनं तिथंच उभं राहून फोन लावला.

"आक्का, पाखरू हाय ओ त्ये! पाखरू टोचतंय! मला वाटलं, तुमीच..."

पलीकडून अक्काताईचा आवाज आला, "आगं बाई... माज्या बाजूच्या फांदीला उंदराचं पिल्लू टांगल्यालं. मला वाटलं, तू केलंस. म्हातारीनं घर सोडावं म्हणून."

"म्या? आक्का, म्या करीन?"

"मग मी करीन व्हय गं, भवाने? तुजी पोर माज्या मांडीवर मुतलीया!"

दोघी हसल्या. पण एकीचं हसू दुसरीच्या आधी थांबलं.

अक्काताई परतली. आता ती परड्यातून येत नाही; रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं येते. माधवी लिंबं बाजारातून आणते. माझी पिवळी होऊन दोन्ही अंगांना गळतात.

काल आरोहीनं त्यातलं एक उचललं आणि नाकाशी धरलं.

"आरू, टाक त्ये!"

दोन्ही दारांतून एकदमच आवाज आला. खरं काय ते ठाऊक असलेल्या दोघींचा. पोरीनं घाबरून लिंबू टाकलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

मित्रांनो, खाटकाला दगड मारू नका. तो त्याचं पोट भरतो. परड्यात काही भलतं दिसलं तर जरा आडोशाला बसा, कोण येतं ते बघा. आणि मनात किंतू आलाच, तर त्याच दिवशी शेजारी जाऊन विचारा. संशय काट्यावर सुकू देऊ नका.

थंडी सरली, खाटीक कधीच उडून गेला. माझ्या काट्यांवर आता काहीही नाही. तरी माझ्या सावलीला कुणी येत नाही.