चार मिनिटं वगळून उरलेला मी

मी एक सिनेमा बोलतोय. नाव सांगू? नकोच. सांगितलं तर तुम्ही डोकं खाजवाल, आतल्या खोलीत बायकोला हाक मारून विचाराल, "असा काही सिनेमा होता का गं?", आणि ती म्हणेल, "कोण जाणे बाई." त्यापेक्षा मी आपली एक ओळच म्हणतो.

फेस गं बाई फेस, भिजले माझे केस,
पाय माझा घसरला न् ओलांडली मी वेस!

बघा, लगेच मान डोलायला लागली. आता कशी ओळख पटली! हे गाणं ज्याच्या पोटातून निघालं, तोच मी. माझी ही एवढी एकच प्रत जगात शिल्लक आहे. बाकीच्या प्रती मोडीत गेल्या, आणि मूळ निगेटिव्ह ज्या गोदामात होती तिथे एका वर्षी पाणी शिरलं. म्हणजे सगळं जे काही आहे ते हे माझे गंजके डबे.

मला बनवणारा माणूस आधी शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून स्टुडिओतही सगळे त्याला मास्तरच म्हणत. त्याची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट आणि पेशंटांचे कपडे. एका दुपारी अपघात विभागातून आलेल्या ढिगात तिला एक शर्ट सापडला. वरचं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून त्याच दिवशी सकाळी तिनेच ते तसं शिवून दिलं होतं, थोरल्या मुलाला. बाईने तो शर्ट धुतला. वाळवला, इस्त्री केला, घडी घालून खिडकीवर ठेवला आणि म्हणाली, "पुढचं द्या." पाळी संपेपर्यंत ती जागेवरून हलली नाही.

हे तिने धाकट्याला, म्हणजे मास्तरला, आयुष्यात एकदाच सांगितलं. ते ऐकलं आणि मास्तरने शाळेतली नोकरी सोडली. त्या एका "पुढचं द्या" साठी त्याने मला बनवलं. अख्खा अडीच तासांचा मी त्या शेवटच्या प्रसंगापर्यंत पोचण्यासाठी होतो. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा हो तेव्हा.

मग वितरक आला. माझे सगळे डबे त्याने पाहिले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "मास्तर, सिनेमा चांगला आहे. पण रडायला लोकांना घर आहे की स्वतःचं! एक गाणं टाका."

"ह्यात गाणं कुठे बसणार?" मास्तर म्हणाला.

"लाँड्री आहे, पाणी आहे, साबण आहे. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

मास्तरने आधी नाही म्हटलं. मग दोन महिने मी कपाटात पडून राहिलो आणि त्याने हो म्हटलं. एका दिवसात उरकलं सगळं. लाँड्रीच्या फरशीवर गुडघाभर फेस, भिजलेल्या चार मुली, चादरी ओढताहेत, घसरताहेत, खिदळताहेत. माझी नायिका सबंध सिनेमात एकदाही हसत नाही. ती बादली उचलायला वाकते, तिथे ह्यांनी ते चार मिनिटांचं घुसडलं. मास्तर त्या दिवशी सेटवर फिरकलासुद्धा नाही. "तो कचरा तुम्हीच उचला," म्हणाला सहायकाला.

पहिला खेळ लागला तेव्हा मास्तरने आईला मधल्या रांगेत बसवलं. स्वतः बाजूच्या भिंतीला टेकून उभा राहिला, तिचा चेहरा दिसेल असा. बाई गाण्यापर्यंत बसली. गाण्यानंतर थोडा वेळ बसली. पडद्यावर शर्टांचा ढीग आला तशी पिशवी उचलली आणि बाहेर गेली. हा मागोमाग धावला. जिन्यात तिला गाठून विचारलं, "आई, अगं शेवट राहिला ना!"

"गाणं छान झालंय रे," ती म्हणाली. "घरी दूध उतू जाईल, जाते मी."

तिला शेवट बघायची काय गरज होती? तिने तो स्वतःच्या हातांनी इस्त्री केला होता. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. मास्तरला कळलं की नाही, देव जाणे. तो मात्र त्या दिवसापासून एकच धरून बसला, की भरलेल्या हॉलने एकदा, फक्त एकदा, माझा शेवट बघितला पाहिजे.

आणि लोक काय करायचे सांगू? गाण्याच्या वेळेला यायचे! खरंच सांगतो. तिकीट काढून बाहेर विड्या ओढत उभे राहायचे, दारावरच्या माणसाला विचारायचे, "लागलं का रे?" लागलं की मेंढरं घुसावीत तसे आत. शिट्ट्या, नाच, खुर्च्यांवर उभं राहणं. गाणं संपलं की सगळे बाहेर, आणि माझी बिचारी नायिका रिकाम्या खुर्च्यांसमोर बादली उचलायची. पुढे पुढे तर लग्नात, वरातीत, वाढदिवसाला, लिफ्टमध्ये, जिथे बघावं तिथे फेस गं बाई फेस. मास्तरच्या लेकीच्या लग्नात बँडवाल्याने तेच वाजवलं, आणि ती नवी नवरी त्यावर घाम येईस्तोवर नाचली. बाप मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिला.

कोणी त्याची ओळख करून दिलीच, की समोरचा हात जोडून म्हणायचा, "अरे वा! तुमचं ते गाणं!" मास्तर म्हणायचा, "गाणं माझं नाही." लोकांना वाटायचं, काय हा विनय!

आता माझ्या पोटाची गोष्ट. एका थिएटरात एक मारामारीचा सिनेमा सपाटून आपटला. तिथल्या मॅनेजरने डोकं चालवलं. ऑपरेटरला म्हणाला, "त्या लाँड्रीवालीच्या सिनेमातलं गाणं काप, आणि ह्यात चिकटव." ऑपरेटरने कात्री घेतली. कच्चकन आवाज झाला. तलवारी चालल्या आहेत, मुंडकी उडताहेत, आणि मध्येच फेसात चार मुली! लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. तो सिनेमा चालला, पुढच्या गावी गेला, आणि ती चार मिनिटं त्याच्याबरोबर गेली ती गेलीच. मला नुसता सांधा मारून परत डब्यात घातलं. तेव्हापासून माझी नायिका बादली उचलायला वाकते आणि पुढच्याच क्षणी कोरड्या केसांनी व्हरांड्यातून चालत असते.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. गेली पीडा! पुढे ते थिएटर बंद पडलं तेव्हा मास्तर मला घरी घेऊन आला. डबे पलंगाखाली गेले आणि मी तिथेच म्हातारा होत गेलो. आमच्या जातीला म्हातारपणी आंबट वास सुटतो, व्हिनेगरसारखा. लेक माहेरी आली आणि केर काढायला वाकली की नाक दाबायची. "बाबा, हे एकदाचं टाकून द्या ना! उशाशी नासकं घेऊन झोपता." मास्तर ऐकलं न ऐकल्यासारखं करायचा.

मग एक दिवस गाणीप्रेमी मंडळाचा सेक्रेटरी दारात. गुळगुळीत दाढी, हातात पेढे नाहीत की फुलं नाहीत, नुसता मोबाइल. गाण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ करायचा होता.

"गायिका गेल्या, संगीतकार गेले, कवीही गेले," तो म्हणाला. "तुम्हीच तेवढे उरलात, म्हणून तुमच्याकडे आलो." बोलला आणि चहाचा घोट घेतला. आपण काय बोललो ते त्याच्या गावीही नव्हतं. "सगळीकडे नुसता आवाज आहे हो गाण्याचा, चित्र कुठेच मिळत नाही. तुमच्याकडे सिनेमा आहे असं कळलं. मोठ्या पडद्यावर गाणं दाखवू. लोक वेडे होतील!"

मास्तरने पलंगाखालच्या डब्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "देतो. पण अख्खा सिनेमा लावायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

सेक्रेटरी गेल्यावर लेक दारातच उभी होती. "बाबा, ह्या डब्यांत गाणं नाहीये. सांगितलंत का त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

"लोक बोंब मारतील!"

"मारू देत. तोपर्यंत शेवट होऊन गेलेला असेल."

पलंगाखाली मी हे ऐकलं आणि माझ्या सुरकुतल्या अंगावर काटा आला. वा रे पठ्ठ्या! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यासाठी लबाडी करत होता.

समारंभाला हॉल खच्चून भरला. मास्तर पहिल्या रांगेत मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून. अंधार झाला आणि मी कुरकुरत सुरू झालो. लोक गप्पा मारत होते, पोरांना दटावत होते, दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारत होतं, "आलं का?" बादलीची जागा आली. नायिका वाकली, सांधा खट्कन निघून गेला, व्हरांडा आला. कोणाला पत्ताही लागला नाही. सिनेमा कोणी पाहिलाच नव्हता, तर गाणं कुठे येतं ते कोणाला ठाऊक असणार?

म्हणून सगळे थांबले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा भरलेला हॉल थांबला. शर्टांचा ढीग आला. काळा दोरा आला. तिने शर्ट धुतला, वाळवला, इस्त्री केला. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. तिने घडी घातली, खिडकीवर ठेवली आणि म्हणाली, "पुढचं द्या."

मास्तरच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलंसुद्धा नाही. त्याला मागची शांतता ऐकू येत होती आणि त्याला वाटत होतं की ती माझ्यासाठी आहे. पण तो बसला होता माझ्याकडे तोंड करून, आणि मी पडद्यावरून सगळ्यांची तोंडं बघत होतो. हजार माणसं मोबाइल वर धरून, बोट बटणावर ठेवून, श्वास रोखून बसली होती. एक बाई शेजारणीला कुजबुजली, "आता येईल हं. ह्यानंतरच असणार."

दिवे लागले.

"गाणं कुठंय?" मागून एकजण ओरडला. मग दहा, मग सगळेच. सेक्रेटरी धावत वर ऑपरेटरच्या खोलीत गेला. ऑपरेटरने हात वर केले. "डब्यात असतं तर लावलं नसतं का, साहेब?"

सेक्रेटरीने खाली येऊन मास्तरला दंडाला धरून स्टेजवर नेलं आणि माइक तोंडासमोर केला. मास्तरचे डोळे अजून ओले होते. "गाणं ह्या प्रतीत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही शेवट पाहिलात, तो..."

"म्हाताऱ्याने फसवलं!" "बसव त्याला खाली!" कोणीतरी कागदाचा बोळा फेकला, तो त्याच्या चष्म्याला लागून खाली पडला. लोक हसले. मग मागच्या रांगेतून कोणीतरी गाण्याची चाल शिट्टीवर धरली. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. सेक्रेटरी घामाघूम. त्याला एवढंच सुचलं, "मास्तर, मग तुम्हीच म्हणून टाका! चला, होऊन जाऊ दे!"

मला खात्री होती की तो माइक खाली ठेवेल. येईल, डबे गोळा करेल आणि आम्ही दोघं घरी जाऊ. आमचं काम झालं होतं.

त्याने घसा खाकरला आणि गायला लागला.

पहिली ओळ थरथरली. दुसऱ्या ओळीला हॉलने साथ दिली. मग तो थांबेचना! सगळं पाठ होतं त्याला. दुसरं कडवं, जे तुम्हालाही येत नाही, तेसुद्धा. कुठे श्वास घ्यायचा, कुठे मुरका, कुठे ती मुलगी खिदळते, एकूण एक. पन्नास वर्षं तो मांडवामागे उभा राहून काय करत होता ते मला आत्ता कळलं. "पाय माझा घसरला" ला त्याने खरोखर पाय सरकवला, आणि हॉल वेडापिसा झाला. "वन्स मोअर!" तो परत गायला. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. माझ्या शेवटासाठी रडताना तो इतका सुखी दिसला नव्हता.

लोकांनी त्याला उचलून गाडीपर्यंत नेलं. डबे वरच राहिले, ऑपरेटरच्या खोलीत.

चार दिवस वाट बघून ऑपरेटरने फोन लावला, माझ्यासमोरच, स्पीकरवर. "मास्तर, तुमचे डबे न्यायचेत."

"कसले डबे?"

"सिनेमाचे, मास्तर. तुमच्या."

मग तो हसला. "अच्छा, त्या गाण्याच्या सिनेमाचे होय! असू देत तिथेच. मला जरा घाई आहे, संध्याकाळी कार्यक्रम आहे माझा."

तेव्हापासून इथेच आहे. ऑपरेटर माझ्यावर जेवणाचा डबा ठेवतो. आतल्या पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत, आता ओढलं तर फाटेल. मास्तर गावोगाव जाऊन गातो म्हणे, तब्येतही सुधारली आहे त्याची. लेक बरोबर असते, पेटी वाजवते.

मंडळी, मला बघा असं मी म्हणणार नाही. ते दिवस गेले. एवढंच करा, कोणीतरी या आणि मला भट्टीत घाला. माझा शेवट निदान एकदा कोणीतरी मनापासून करा. हवं तर करताना ते गाणं म्हणा, माझी हरकत नाही.